घोड्याची कड : अफिंग्टनच्या देखभालीच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ८ मार्च

प्रकल्पाचे काम आज प्रत्यक्ष सुरू झाले. इंग्लंडमधील स्विंडन येथील माझ्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरावर, ऑक्सफर्डशायरमधील अफिंग्टन गावाच्या दक्षिणेला, २६१ मीटर उंचीची टेकडी आहे आणि तिच्या माथ्याखालच्या उतारावर सुमारे ११० मीटर लांबीची, पांढऱ्या खडूची घोड्याची आकृती आहे. गेल्या दिवाळीत राजापूर तालुक्यातील माझ्या शाळासोबत्यांनी, जे आपल्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, कातळशिल्पांची जमेल तशी राखण करतात, मला विचारले होते की तिकडची माणसे डोंगरावरची हजारो वर्षांची आकृती टिकवतात कशी, ते नीट लिहून पाठवशील का. कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्यापासून त्यांच्याकडे अशी चौकशी करणारे आणि सल्ला देणारे बरेच झाले आहेत, पण देखभालीचा रोजचा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. म्हणून या नोंदींचा विषय देखभाल एवढाच ठेवला आहे. घोडा कोणी काढला आणि का काढला, या प्रश्नांत मी आवश्यकतेपुरताच शिरणार आहे.

पहिले निरीक्षण असे की जवळ गेल्यावर घोडा दिसत नाही. गवतातून जाणाऱ्या दोन-तीन रुंद पांढऱ्या पायवाटा वळणे घेत कोठेतरी चालल्या आहेत, एवढेच दिसते. भेट देणाऱ्यांनी खडूवर पाय ठेवू नये अशी अपेक्षा असते, त्यामुळे मी कडेकडेनेच फिरलो. खाली ड्रॅगन हिल नावाची सपाट माथ्याची छोटी टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर गवत न उगवणारा एक पांढरा डाग आहे. संत जॉर्जने तेथे ड्रॅगन मारला आणि त्याच्या रक्ताने जमीन नापीक झाली, अशी आख्यायिका आहे. माझा संशय मात्र तो डाग पाहायला येणाऱ्यांच्या बुटांवर अधिक आहे.

आकृती कशी केली याबद्दल माझी आजची समजूत अशी: वरचे गवत खरवडले की खालचा पांढरा खडूचा खडक उघडा पडतो आणि तो उघडा राहिला की आकृती टिकते.

रविवार, १६ मार्च

गेल्या नोंदीतले शेवटचे वाक्य चुकीचे होते. ते खोडत नाही, कारण बहुतेक लोकांची हीच समजूत असते आणि देखभालीचा सारा प्रश्न तिच्या चुकीतूनच समजतो.

१९९० मध्ये डेव्हिड माइल्स आणि सायमन पामर यांच्या नेतृत्वाखाली ऑक्सफर्ड आर्किऑलॉजिकल युनिटने येथे उत्खनन केले, तेव्हा असे आढळले की घोडा म्हणजे नुसते खरवडलेले गवत नाही. उतारात काही ठिकाणी एक मीटरपर्यंत खोल चर खणून त्यांत फोडलेला स्वच्छ खडू भरून तो ठोकून बसवलेला आहे. याचा अर्थ हे चित्र भरावाचे आहे, आणि कोणताही भराव बसतो, झिजतो, वाहतो, म्हणून तो पुन्हा भरावा लागतो. त्याच चरांतील मातीच्या थरांचे ल्युमिनेसन्स पद्धतीने कालमापन झाले. मातीतील क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचे ऊन कधी पडले होते हे त्या पद्धतीत मोजतात, आणि त्यासाठी नमुना घेताना त्यावर प्रकाशाचा किरणही पडू द्यायचा नसतो. उत्तर ढोबळमानाने इ. स. पूर्व १४०० ते ६०० यांच्या दरम्यान आले, म्हणजे ताम्रपाषाण इनामगावच्या अखेरच्या शतकांशी हा काळ जुळतो. त्याआधी कित्येकांनी हा घोडा सॅक्सन राजांच्या नावावर जमा केला होता.

खडूबद्दल थोडेसे. हा दगड क्रिटेशस काळाच्या उत्तरार्धातल्या, म्हणजे सुमारे १० ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या अतिसूक्ष्म शैवालांच्या चुनखडी कवचांचा बनलेला आहे. तो मऊ आणि सच्छिद्र असतो. त्यात मुरलेले पाणी हिवाळ्यात गोठून फुगते, तेव्हा वरचा पापुद्रा सुटतो आणि त्याचे पीठ होऊन पावसाबरोबर उताराने जाते. उरलेल्या पृष्ठावर शैवाल धरते आणि पांढऱ्याचा राखाडी होतो. दुसरीकडे गवताची मुळे दोन्ही बाजूंनी आत सरकत असतात. एकाच वेळी मधून झीज आणि कडेने अतिक्रमण, असे या घोड्याचे दुहेरी दुखणे आहे.

शनिवार, २९ मार्च

डॉर्सेटमधील सर्न ॲबसला जाऊन आलो. येथे ५५ मीटर उंचीचा, हातात गदा उगारलेला नग्न पुरुष आहे. तो केवळ बाह्यरेषेत आहे, त्यामुळे घोड्याच्या रुंद पट्ट्यांपेक्षा त्याच्या रेषा फार अरुंद दिसतात आणि गवताला त्या बुजवायला वेळ लागत नाही. २००८ मध्ये टेकडीवर पुरेशी मेंढरे चरत नव्हती, तेव्हा हा आकार जवळपास हिरवा होऊन गेला होता आणि त्या वर्षी खडू नव्याने भरावा लागला. पुन्हा २०१९ मध्ये तेच काम झाले, त्या वेळी १७ टन खडू लागला. मेंढरू हे येथले देखभालीचे पहिले साधन आहे, हे मी ठळक लिहून ठेवतो. राजापूरच्या मंडळींना हा मुद्दा कितपत उपयोगी पडेल ते मला माहीत नाही, परंतु सड्यावर चरणाऱ्या गुरांकडे त्यांनी निव्वळ उपद्रव म्हणून पाहू नये, एवढे तरी त्यातून निघते.

या पुरुषाचे वय ठरवताना दोन्ही पक्ष हरले. काही जण त्याला प्रागैतिहासिक मानत, काही जण १७ व्या शतकातील थट्टा. तो गावच्या कागदपत्रांत प्रथम येतो तो १६९४ मध्ये, तोही दुरुस्तीच्या खर्चाच्या रूपाने: चर्चच्या हिशेबात त्यासाठी ३ शिलिंग दिल्याची नोंद आहे. १६१७ च्या जमीन सर्वेक्षणात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून दुसऱ्या पक्षाचे पारडे जड होते. वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२० मध्ये केलेल्या उत्खननातील नमुन्यांचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला आणि सर्वांत खालच्या थराने इ. स. ७०० ते ११०० हा काळ दाखवला. मातीतील बारीक गोगलगायींच्या शंखांनीही मध्ययुगाकडेच बोट दाखवले. मग १६१७ चे मौन कशाचे? संभाव्य उत्तर असे की मधली काही शतके या पुरुषाकडे कोणी पाहिले नाही, तो गवताखाली गेला, आणि नंतर कोणीतरी उतारावरची अंधूक खूण ओळखून तो पुन्हा उघडा केला. एखादी आकृती देखभालीवाचूनही परत येऊ शकते, असे हे उदाहरण आहे, आणि आकृती देखभालीनेच टिकते या माझ्या प्रकल्पाच्या गृहीतकाला ते थोडे अडचणीचे आहे.

दुसरी गोष्ट सांगताना संकोच होतो, पण देखभालीच्या दृष्टीने तिच्याइतके बोलके उदाहरण नाही. १८ व्या शतकातील रेखाटनांत या पुरुषाची बेंबी स्वतंत्र वर्तुळाने दाखवलेली आहे. आज तेथे बेंबी नाही, कारण मधल्या एका साफसफाईत ते वर्तुळ खालच्या अवयवाच्या रेषेला जोडले गेले, आणि ज्या लांबीबद्दल हा पुरुष जगभर प्रसिद्ध आहे ती काही अंशी साफ करणाऱ्यांच्या फावड्याची देणगी आहे. हे बहुधा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडले असावे असे मानतात. कोणी मुद्दाम काही केले नसेल. गवतात एक तुटक रेषा दिसली, ती सलग असावी असे वाटले, आणि तशी ती झाली.

गुरुवार, १७ एप्रिल

संध्याकाळी थोडे वाचन. अफिंग्टनच्या टेकडीला ॲबिंग्डनच्या मठाच्या ११ व्या शतकातील कागदात 'पांढऱ्या घोड्याचा डोंगर' म्हटले आहे. १७ व्या शतकातील एका टिपणानुसार आसपासच्या काही लोकांच्या जमिनींवर ही आकृती दुरुस्त आणि स्वच्छ ठेवण्याचे बंधन होते. आपल्याकडे देवस्थानच्या इनाम जमिनीबरोबर दिवाबत्तीची किंवा वाजंत्र्याची सेवा येत असे, त्याच जातीची ही व्यवस्था दिसते. पुढे दर सात वर्षांनी घोडा घासण्याचा उत्सव भरत असे. कुस्त्या होत, आणि 'मॅंजर' म्हणजे गव्हाण असे नाव असलेल्या खालच्या तीव्र दरीत चीजचे गोल चाक सोडून लोक त्यामागे धावत. १८५७ चा उत्सव मोठा झाला आणि लेखक थॉमस ह्यूज यांनी त्याचे वर्णन लिहून ठेवले. त्यानंतर ही जत्रा मोडत गेली. आता मालकी नॅशनल ट्रस्टची असून, काम उन्हाळ्यात स्वयंसेवकांकरवी होते.

रविवार, ४ मे

ईस्ट ससेक्समधील विल्मिंग्टन. येथील 'लाँग मॅन' ७२ मीटर उंच असून त्याच्या दोन्ही हातांत उभ्या काठ्या आहेत. दुरून तो अतिशय रेखीव दिसतो आणि त्याचे कारण जवळ गेल्यावर कळते: त्याची रेषा खडूची नाहीच. १८७४ मध्ये गवतात जवळजवळ हरवलेली त्याची खूण पिवळ्या विटांनी बांधून काढली गेली आणि १९६९ मध्ये विटांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे बसवून ते पांढरे रंगवले गेले. विटा लावताना पावलांची दिशा बदलली असावी, असे काही अभ्यासक मानतात. २००३ मध्ये पुरातत्त्वज्ञ मार्टिन बेल यांनी उताराच्या पायथ्याशी साचलेल्या खडूच्या तुकड्यांचा अभ्यास केला आणि ही आकृती १६ व्या किंवा १७ व्या शतकातील असावी असा निष्कर्ष काढला.

पायथ्याची ओघळलेली माती पाहून वय सांगण्याची ही युक्ती मला फार आवडली. आकृती काढताना आणि घासताना जे खाली सांडते, तेही कागदपत्रासारखेच जपून ठेवण्याजोगे असते. सड्यावर साफसफाई करताना खरवडलेली माती फेकून देऊ नका, ती कोठे टाकली ते लिहून ठेवा, असे राजापूरला कळवले.

सोमवार, ५ मे

सुटी होती, म्हणून वेस्टबरीचा घोडा पाहिला. १७७८ मध्ये जुना, लहान आणि उलट्या दिशेला तोंड असलेला घोडा मोडून तेथे हा नवा कोरला गेला, आणि १९५० च्या दशकात तो काँक्रीटने झाकून पांढरा रंगवला गेला. गवताचा त्रास संपला. त्याऐवजी रंग उडणे, भेगा आणि काळवंडलेले ओघळ आले. डागडुजीचे काम थांबले नाही, ते फक्त गावकऱ्यांच्या हातातून कंत्राटदाराच्या हातात गेले. मला हा घोडा आवडला नाही, हे नोंदवून पुढे जातो.

शनिवार, २१ जून

गेले पाच आठवडे हवाई छायाचित्रांवर घालवले. माझा पेशा भूमापनाचा असल्यामुळे मला वाटले होते की वेगवेगळ्या वर्षांची छायाचित्रे एकमेकांवर ठेवून घोड्याची कड कोठून कोठे सरकली ते मी घरबसल्या मोजू शकेन. पहिल्या दोन छायाचित्रांत मागचा पाय तब्बल ४० सेंटिमीटर सरकलेला दिसला आणि मी मोठ्या आनंदाने तसा तक्ताही केला. नंतर ध्यानात आले की दुसरे छायाचित्र तिरक्या कोनातून घेतलेले होते आणि उतारावरच्या आकृतीला सपाट मानून मी ते ताणले होते. शिवाय सकाळच्या उन्हात कडेच्या उंच गवताची सावली खडूवर पडते आणि तेवढी रुंदी कमी भरते. तक्ता रद्द केला. उताराची उंची-सखलता हिशेबात घेतल्यावर माझ्या छायाचित्रांतून १०-१५ सेंटिमीटरपेक्षा बारीक काहीही सांगता येत नाही, असा प्रामाणिक निष्कर्ष निघाला.

ज्यांच्याकडे योग्य साधने होती त्यांनी हेच काम नीट केले आहे. जुन्या आणि नव्या हवाई प्रतिमांच्या तुलनेत असे दिसले की घोड्याचे डोके आणि मान अलीकडच्या दशकांत अरुंद होत गेली होती, काही जागी तर मूळ रुंदीच्या निम्म्यापर्यंत. दरवर्षी माणसे येऊन खडू ठोकत होती आणि तरीही हे घडले, हा त्यातला विचार करण्याजोगा भाग आहे. कारण दिसते तितके गूढ नाही. स्वयंसेवक जेवढा पांढरा भाग दिसतो तेवढाच पांढरा करतो. कडेचे गवत वर्षाला बोटभर आत आले तर पुढच्या वर्षी तीच कड खरी मानली जाते, आणि ताजा खडू तिच्यावर शिक्कामोर्तब करतो. २०२४ च्या उन्हाळ्यात नॅशनल ट्रस्ट आणि ऑक्सफर्ड आर्किऑलॉजी यांनी चढलेले गवत काळजीपूर्वक कापून जुनी रुंदी परत आणली आणि त्याच वेळी नव्या कालमापनासाठी मातीचे नमुनेही घेतले.

उलट बाजूचे उदाहरण ऑस्मिंग्टनचे आहे. डॉर्सेटमधील १८०८ च्या या घोड्यावर तिसरा जॉर्ज राजा स्वार आहे. १९८९ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या निमित्ताने, चांगल्या हेतूने आणि घाईघाईने, त्यावर पोर्टलंड दगडाची पुष्कळ खडी पसरली गेली. ती उताराने घसरून कडेबाहेर गेली आणि आकार फुगला. २०१२ पर्यंत खडी उपसून जुन्या कागदपत्रांच्या आधारे त्याला मूळ आकार देण्याचे काम झाले. अफिंग्टनचा घोडा कडेकडे झालेल्या दुर्लक्षाने रोडावला, ऑस्मिंग्टनचा अतिउत्साहाने सुजला.

शनिवार, १२ जुलै

आज मी स्वतः खडू ठोकला. सकाळी दहाला टेकडीवर पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. प्रत्येकाला एक हातोडा, गुडघ्याखाली घ्यायला एक जाड गादी आणि बादलीभर खडूचे ढेकूळ मिळाले. सूचना थोडक्या होत्या: नेमून दिलेल्या पट्ट्यातच बसायचे, खडू ओतायचा, त्याचे पीठ होऊन खालच्या थराशी एकजीव होईपर्यंत ठोकायचा, आणि गवताच्या कडेला हात लावायचा नाही, तेथले काम जाणकार माणसे नंतर करतील. ही शेवटची सूचना ऐकून मला गेल्या महिन्याची नोंद आठवली आणि बरे वाटले.

माझ्या शेजारी स्विंडनमध्येच राहणारा, गोव्याच्या सांगे तालुक्यातला मित्र होता. स्विंडनमध्ये गोवेकरांची वस्ती मोठी आहे, त्यातून ही ओळख झाली. कुशावती नदीकाठची पणसायमळची कातळशिल्पे त्याच्या आजोळापासून दूर नाहीत, आणि तीही युनेस्कोच्या त्याच यादीत आहेत. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही दोघेही चुकत होतो. घाव जोरात घातला की ढेकूळ फुटून कपच्या उडतात आणि उतारावरून गडगडत गवतात जातात. हलक्या हाताने, मनगट सैल ठेवून, एकाच जागी पुष्कळ वेळा ठोकले की खडू आधी भुरभुरतो, मग ओलसर होतो आणि शेवटी लिंपल्यासारखा चिकटतो. त्याच्या आत पाणी धरलेले असते, ते ठोकण्याने वर येते. हे कळले तेव्हा मित्र म्हणाला, ''अरे, हे तर खळे चोपणे झाले.'' त्याचे अगदी बरोबर होते. पावसाळा संपल्यावर आमच्याकडे अंगणात माती टाकून, पाणी मारून, चोपण्याने ती अशीच बसवतात. तेथेही घाव मोजून घालायचे असतात, आणि नवखा माणूस जोर लावून खड्डे पाडतो. फरक एवढाच की खळे चोपले की त्यावर सारवण येते. घोड्याला सारवण नाही, तो पुढच्या हिवाळ्याला उघडाच सामोरा जातो.

दुपारी दोनपर्यंत मी सुमारे दीड चौरस मीटर काम केले. हा आकडा कमी वाटेल, परंतु गुडघ्यावर बसून उतार सांभाळत ठोकताना हात लवकर भरून येतो. ठोकून झालेला भाग उन्हात इतका पांढरा दिसतो की काळ्या चष्म्याशिवाय पाहवत नाही, आणि शेजारचा गेल्या वर्षीचा भाग त्यापुढे पिवळसर वाटतो. माझा पट्टा मानेच्या खालच्या बाजूला होता. कडेपाशी गवत आणि खडू यांच्यामध्ये चार बोटांची एक अशी जागा असते की जी धड कोणाचीच नाही: पिवळ्या फुलांचे बारीक वेल, मातीत मिसळलेला खडू, मेंढीच्या पायाने दबलेली ढेप. कागदावर मी तेथे एक बारीक रेषा काढली असती. जमिनीवर मला ती कोठे काढावी ते सांगता आले नसते, आणि भूमापक म्हणून हे लिहिताना मला विशेष अभिमान वाटत नाही.

मधल्या सुटीत एका वयस्कर स्वयंसेविकेने सांगितले की दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांना खूण मिळू नये म्हणून हा घोडा गवताने आणि झाडपाल्याने झाकून टाकला होता. हे मी पूर्वी वाचले होते. युद्धानंतर पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी तो पुन्हा उघडा केला. म्हणजे ज्या कडेवर आम्ही आज गुडघे टेकून होतो, ती एकदा मुद्दाम पुरलेली आणि पुन्हा शोधून काढलेली कड आहे.

रविवार, १३ जुलै

मनगट सुजले आहे. बुटांतून, खिशातून आणि फोनच्या भोकातून खडू निघतो आहे. लेखन बंद.

शनिवार, ९ ऑगस्ट

राजापूरला पाठवायच्या टिपणाचा पहिला भाग पूर्ण केला. खडूची पद्धत जांभ्याला लागू पडत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केले. कातळशिल्पाची खाच घट्ट दगडातच आहे, तेथे भराव नाही, म्हणून 'नव्याने उजळणे' हा शब्दही कोणी काढू नये. खाच चुन्याने किंवा रंगाने भरून छायाचित्र काढण्याचा मोह तर अजिबात नको. तेथला खरा धोका चिरेखाणीचा, रस्त्याचा आणि वाहनांचा आहे, आणि त्यावर हातोड्याचा इलाज नाही.

देखभाल पूर्ण थांबली तर काय होते, यासाठी वॉरिकशायरमधील टायसोच्या तांबड्या घोड्याचे उदाहरण दिले. तो लाल मातीत कोरलेला होता आणि वसंत ऋतूतील ठरावीक रविवारी लोक तो घासत. १८०० च्या सुमारास सामाईक जमिनींना कुंपणे पडली, घासण्याचा परिपाठ मोडला आणि घोडा गेला. आता त्याची नेमकी जागाही केवळ तर्काने सांगावी लागते.

शनिवार, १३ सप्टेंबर

काल रात्री चांगला पाऊस झाला, म्हणून सकाळीच टेकडीवर गेलो. माझ्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला, गवताच्या मुळाशी, वीतभर लांबीचा पांढरट ओघळ आला आहे. ओघळाची लांबी, दिशा आणि वेळ लिहून घेतली.

परतल्यावर राजापूरहून फोन आला. टिपण पोहोचले होते आणि वाचूनही झाले होते. मित्राने एकच प्रश्न विचारला, ''म्हणजे दरवर्षी? चुकवायचे नाही?'' मी म्हणालो, ठोकण्याचे काम तुम्हाला नाही, पण पाहण्याचे आणि लिहिण्याचे आहे, आणि ते दरवर्षीच. त्यांनी शिल्पाबाहेरच्या मोकळ्या कातळावर छायाचित्रासाठी तीन कायमच्या जागा ठरवल्या आहेत, आणि गावातल्या शाळेच्या वहीत पाऊस संपल्यानंतरची पहिली नोंद दसऱ्याला करायचे ठरले आहे. वहीतील रकाने कोणते असावेत ते मी उद्या कळवायचे आहे. पहिला रकाना 'कोणत्या बाजूने उभे राहून पाहिले' हा ठेवणार.